पावसाळ्याआधी गच्चीची तपासणी : डाग खाली, वाट भलतीकडेच

ओळंबा

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला धरतात, पण गच्चीचा हिशेब तिथून मागे मोजत यावा लागतो. कोब्याचा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) एखादा पट्टा बदलायचा निघाला तर तो आठ-दहा दिवस पाण्याखाली भिजत ठेवायचा, मग खडखडीत सुकवायचा, मग कोटिंगचे दोन हात द्यायचे. त्यात मे महिन्यात निम्मे कारागीर गावी गेलेले. म्हणून तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी. हा धागा सपाट स्लॅबच्या गच्चीबद्दल आहे. कौलं आणि पत्रेवाल्यांनी आपापली भर घालावी.

छताला डाग दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असेल हे गृहीत धरू नका. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इमारतींत स्लॅबवर चार ते सहा इंच जाडीचा ब्रिकबॅट कोबा असतो. पाणी वरच्या आयपीएसच्या (सिमेंटच्या गुळगुळीत थराच्या) भेगेतून आत जातं, विटांच्या तुकड्यांत मुरतं, उताराच्या दिशेने सरकतं आणि स्लॅब जिथे कच्चा असेल तिथून खाली उतरतं. फॅनचा हुक, वायरिंगचा पाइप, काँक्रीट नीट न बसलेली जागा ही त्याची आवडती दारं. आत शिरण्याची जागा आणि टपकण्याची जागा यांत दहा-पंधरा फुटांचं अंतर सहज असतं.

त्यामुळे सुरुवात खालून करा. वरच्या मजल्याच्या प्रत्येक फ्लॅटच्या छताचा नकाशा कागदावर काढा आणि डाग मोजमापासह मांडा, उदाहरणार्थ 'उत्तरेच्या भिंतीपासून ४ फूट, पश्चिमेच्या भिंतीपासून ६ फूट'. तोच नकाशा वर नेऊन गच्चीवर खडूने उतरवा. भिंतींची जाडी धरायला विसरू नका, नाहीतर एक-दोन फुटांची चूक होते.

डागाचा रंगही बोलतो. पांढरा खार फुटलेला असेल तर पाणी काँक्रीटमधला चुना बाहेर आणतंय. काळे ठिपके ही बुरशी, ती नुसत्या दमट हवेनेही येते. एकमेकींना समांतर, सहा-आठ इंचांच्या अंतराने तपकिरी रेघा दिसल्या तर सळया गंजू लागल्या आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो, म्हणून आधी रेघ दिसते, मग भेग पडते, मग पोपडा खाली येतो. रेघांपर्यंत मामला आला असेल तर गच्चीच्या ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

थेंबेथेंबे

उत्तम धागा. पाणी नक्की गच्चीचं की टाकीचं, हे कसं ओळखायचं? कमिटीत पहिलं भांडण याच्यावरच होतं.

ओळंबा

@थेंबेथेंबे, वेळ बघा. एप्रिल-मेमध्येही ओल कायम असेल तर ती टाकी, टाकीचा ओव्हरफ्लो किंवा गच्चीवरून जाणारी पाइपलाइन. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात टपकायला लागलं तर थेट वाट मिळालेली आहे: पाइपचं तोंड, रुंद भेग, पॅरापेटचा (गच्चीच्या कडेच्या भिंतीचा) सांधा. पाऊस थांबून ऊन पडलं तरी दोन-तीन दिवस थेंब चालूच, याचा अर्थ कोबा स्पंजासारखा भरलेला आहे आणि हळूहळू रिकामा होतोय.

टाकीसाठी सोपी चाचणी. रात्री टाकी भरून पुरवठा आणि बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. आतल्या पातळीवर रेघ मारा आणि सकाळी बघा. व्हॉल्व्ह चांगले असूनही पातळी उतरली तर टाकी गळते. टाकीखालच्या स्लॅबचा तळ आणि खांबांची डोकी टॉर्च मारून बघा. तिथे कोणी जात नाही, म्हणून सळया सगळ्यांत आधी तिथेच उघड्या पडलेल्या असतात.

मुलुंडकर

गळणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजला तर? पावसाचा कमी, नळाचा जास्त.

ओळंबा

नको. मुंबईच्या नळाचं पाणी मुळातच हलकं आहे, आणि पावसाचं पाणी कोब्यातून आणि स्लॅबमधून झिरपताना चुना घेऊन येतं, त्यामुळे त्याचाच आकडा वर जातो. क्लोरीनच्या चाचणीचंही तसंच, तो वाटेतच संपतो. या आकड्यावर कोणाला बिल लावू नका.

लेव्हलट्यूब

वॉटरप्रूफिंगची कामं करतो. वर गेल्यावर काय बघायचं ते माझ्या क्रमाने लिहितो. लोक गच्चीच्या मध्यावर उभे राहून भेगा मोजतात. मी आधी कडा बघतो, कारण बहुतेक गळती तिथेच सापडते. मधल्या मैदानातल्या केसाएवढ्या भेगा दिसायला भयंकर असतात, पण पाणी त्यांच्यावरून वाहून निघून जातं. कडेला ते अडतं.

१. वाटा. पॅरापेट आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातली गोलाई. स्लॅब उन्हात तापून पसरतो, भिंत वेगळ्या गतीने पसरते, आणि हा सांधा सुटतो. लाकडी दांड्याने पूर्ण परिघावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतून सुटलाय. तेवढ्या लांबीला खडूची रेघ मारा. वॉटरप्रूफिंग भिंतीवर किमान सहा इंच, शक्यतो फूटभर चढलेलं हवं आणि त्याची वरची कड भिंतीत खाच मारून बुजवलेली हवी. नुसती भिंतीला चिकटवलेली कड दोन उन्हाळ्यांत सुटते आणि पाणी तिच्या मागून उतरतं. वर कोटिंग नवं कोरं, आणि खाली गळतंय!

२. पाण्याची तोंडं, म्हणजे पाणी खाली नेणाऱ्या पाइपांची. जाळी काढा आणि हात घालून बघा. पाइप आणि कोबा यांच्यामध्ये फट असते, ती वरून दिसत नाही. वॉटरप्रूफिंगचा थर पाइपच्या आत दोन-तीन इंच उतरलेला पाहिजे. तोंडाभोवतीचा दीड-दोन फुटांचा चौकोन बाकी गच्चीपेक्षा खोलगट असावा. बऱ्याच ठिकाणी दुरुस्तीचे थर चढत चढत तोंडच खड्ड्याच्या काठावर बसलेलं असतं. जाळी चपटी असेल तर बदलून घुमटाची घ्या. चपटीवर एक प्लॅस्टिकची पिशवी पडली की काम संपलं.

३. गच्चीत ठोकलेल्या वस्तू. डिशचे पाय, एसीच्या आउटडोअर युनिटचे स्टँड, सोलरचे खांब, केबलवाल्यांचे हुक, विजेच्या संरक्षक पट्टीचे क्लॅम्प. अँकर फास्टनर कोब्यातून स्लॅबपर्यंत गेला की पाण्याला सरळ भोक मिळतं. प्रत्येक वस्तू मोजा आणि मालकाचं नाव लिहा. नवीन वस्तूसाठी नियम करा: सुटा काँक्रीटचा ठोकळा ठेवून त्यावरच बसवायची, गच्चीला ड्रिल लावायचा नाही.

४. पॅरापेटचा माथा. पॅरापेटच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला असावा आणि त्यावर आडव्या भेगा नसाव्यात. माथ्यावरून शिरलेलं पाणी भिंतीच्या पोटातून उतरतं आणि वाट्याच्या खालून स्लॅबला लागतं. बाहेरच्या बाजूचा गिलावा फुगलाय का तेही बघा, पण वाकून नाही. शेजारच्या इमारतीवरून किंवा फोन काठीला बांधून बघा. जुन्या पॅरापेटला टेकायचं नाही, ही पहिली अट.

५. एक्स्पान्शन जॉइंट. दोन विंगांमधला सांधा. वरची पट्टी उचलून आतलं सीलंट बोटाने दाबा. रबरासारखं दबलं तर जिवंत आहे. कडक होऊन कडेला सुटलं असेल तर काढून बदला. हा सांधा सिमेंटने भरू नका. तो हलण्यासाठीच ठेवलेला असतो, पहिल्या उन्हाळ्यात बाजूला नवी भेग पडते.

जिन्याच्या वरची केबिन आणि लिफ्टची मशीनरूम यांची छपरंही याच यादीत घ्या. तिथे चढायला शिडी लागते म्हणून सगळे ती सोडून देतात.

थेंबेथेंबे

आणि मधलं मैदान?

लेव्हलट्यूब

तेही बघायचं, पण शेवटी. आधी उतार. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन दर तीन मीटरला वाचन घ्या. निदान १:१०० उतार हवा, म्हणजे मीटरला १ सेमी. तोंडापासून सर्वांत लांबचा कोपरा १२ मीटरवर असेल तर तो १२ सेमी उंच पाहिजे. वाचनं कागदावर मांडली की खोलगट भाग आपोआप दिसतात. ट्यूब नसेल तर गच्ची धुवायला सांगा आणि २४ तासांनी जा. तेव्हाही जिथे पाणी उभं आहे तिथे उतार हरवलाय.

मग तोच दांडा घेऊन तीन-तीन फुटांच्या चौकटींत ठोका. बद्द आवाजाचं क्षेत्र एकूण गच्चीच्या पाव हिश्श्याच्या आत असेल तर तेवढे तुकडे काढून भरता येतात. निम्म्याच्या वर गेलं तर ठिगळांत पैसे घालू नका. हा आकडा कुठल्या संहितेतला नाही, माझ्या कामाचा अंदाज आहे.

चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) असेल तर टाइल्सच्या मधले सांधे बघा. टाइल स्वतः पाणी घेत नाही, सांधा घेतो. सुटलेले तुकडे पायाला वाजतात.

मुलुंडकर

जुन्या कोब्यावरच नवीन कोबा टाकून उतार सुधारता येतो ना? आम्हाला मिळालेल्या तिन्ही कोटेशनांत तेच आहे.

ओळंबा

इथे थांबा. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास २०० किलो होतं. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी चलभार (माणसं-सामानाचं वजन) म्हणून १५० किलो प्रति चौमी धरतात. म्हणजे एक जास्तीचा कोबा हा गच्ची कायम माणसांनी भरलेली ठेवण्यापेक्षा जड. जुन्या इमारतींत असे दोन-तीन थर एकावर एक सापडतात. कोपऱ्यात एक फूट चौरस चाचणी-खड्डा घेऊन स्लॅबपर्यंत जाडी मोजा. पॅरापेटची उंची इमारतीच्या मूळ नकाशातल्यापेक्षा कमी भरत असेल तर तोही इशारा. जुना थर काढल्याशिवाय नवा नाही. आणि काढताना ब्रेकर मशीन लावू द्यायचं नाही, छिन्नी-हातोडीच. ब्रेकरचे हादरे कमकुवत स्लॅबला खालून पोपडे आणतात. मलबा एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोज खाली उतरवायचा.

उतार थोडाच कमी असेल तर सगळी गच्ची उचलण्यापेक्षा खोलगट भागात पाण्याचं एक तोंड वाढवणं हलकं पडतं. पण त्यासाठी स्लॅबला कोअर (आरपार गोल भोक) मारावा लागतो. जागा इंजिनिअरने ठरवावी, बीम आणि मुख्य सळया वाचवून.

पश्चिमवारा

तोंडांच्या संख्येचाही हिशेब करून घ्या. १ चौमीवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. २०० चौमी गच्चीवर ताशी १०० मिमीची सर आली तर तासाला २०,००० लिटर, सेकंदाला साडेपाच लिटर. राष्ट्रीय इमारत संहितेच्या तक्त्यात अशा सरीला १०० मिमी व्यासाच्या एका पाइपवर सुमारे ४३ चौमी छत धरलंय. म्हणजे पाच पाइप हवेत. प्रत्यक्षात दोन किंवा तीन असतात, त्यातला एक केबलच्या वायरींनी भरलेला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. तसल्या पावसासाठी पाइप कोणी बसवत नाही, पण पॅरापेटमध्ये सुरक्षेची भोकं ठेवता येतात. तोंड चोंदलं तर पाणी वाट्यावर चढण्याआधी बाहेर पडेल अशा उंचीवर.

पाइप मोकळा आहे का हे बघायला वरून एक बादली ओतून उपयोग नाही. होजपाइप दहा मिनिटं पूर्ण सोडा आणि खालच्या चेंबरवर माणूस उभा करा. शिवाय पाइपच्या प्रत्येक सांध्याजवळ भिंत ओली होते का ते बघत खाली या. गच्चीच्या नावावर खपवलेली निम्मी ओल या पाइपांची असते.

थेंबेथेंबे

पिंपळाची रोपं दरवर्षी उपटतो, दरवर्षी येतात.

लेव्हलट्यूब

उपटू नका. मूळ ओढलं की बाजूचा गिलावा आणि विटांचा सांधा सैल होतो, आणि उरलेलं मूळ पुन्हा फुटतं. बुंध्याशी कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा. बुंधा अंगठ्याएवढा असेल तर त्यात भोक पाडून आत सोडा. कापून तासभर गेला तर औषध नीट शोषलं जात नाही. मूळ मेल्याची खात्री झाली की तेवढा भाग फोडून मूळ काढा आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. ॲसिड ओतायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. सिमेंट आणि सळई दोन्ही खातं, पिंपळ तरीही येतो. आणि तो उगवला म्हणजे आत कायम ओल आहे, ही खूण नकाशात नोंदवा.

मुलुंडकर

तळ्याची चाचणी, म्हणजे गच्चीवर पाणी भरून ठेवायची, ती सगळ्यांनी करावी का?

ओळंबा

सरसकट नाही. दर १ सेमी पाण्याचं वजन चौमीला १० किलो. वरच्या कोपऱ्यात २-३ सेमी पाणी यावं म्हणून अख्खी गच्ची भरली, तर तोंडाजवळ १२-१५ सेमी साठतं. तिथे चलभाराची मर्यादा गाठलीच. म्हणून मॉर्टरची किंवा चिकणमातीची पाळ घालून तीन-तीन मीटरचे वाफे करा आणि एका वेळी एक-दोनच भरा. ४८ ते ७२ तास ठेवा. वाफ्यागणिक वेगळा रंग टाकला तर खाली कुठलं पाणी आलं ते कळतं. बाष्पीभवन धरण्यासाठी शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवा आणि दोन्हींतली घट ताडून बघा.

सळया उघड्या पडलेल्या, पोपडे पडणाऱ्या स्लॅबवर ही चाचणी करायची नाही. तिथे होजपाइपने फवारा, खालच्या भागापासून वर सरकत. आधी तोंडाभोवतीचा भाग, मग वाटा, मग पॅरापेटची आतली बाजू, सर्वांत शेवटी माथा. एकाच वेळी सगळं भिजवलं तर काहीच कळत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर थांबा, कारण कोबा पाणी उशिरा सोडतो. एका दिवसात एकच टप्पा झाला तरी हरकत नाही.

बाल्कनी आणि छज्जा यांचा वेगळा उल्लेख करतो. अधांतरी स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला असतात. वरून पाणी मुरलं की पहिला घाव त्यांनाच बसतो, आणि खालून बघितलं तर छज्जा ठणठणीत दिसतो. भिंतीला लागून वरच्या बाजूला लांबीभर भेग असेल तर खालची जागा दोरी लावून बंद करा आणि त्याच आठवड्यात इंजिनिअर आणा. छज्ज्यावर कुंड्या किंवा एसीचं युनिट असेल तर आधी उतरवा.

रीपवासा

कौलांबद्दल. गिरगाव, वांद्रे, माझगावच्या जुन्या घरांवर आणि गावठाणांत मंगलोरी कौलं अजून आहेत. शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा रचणं) मे महिन्यात करायची रीत आहे, पण लाकडाची पाहणी मार्चमध्येच करावी, कारण सागाचा वासा हवा त्या मापाचा लगेच मिळत नाही.

आतून बघा, भर दुपारी. दिवे घालवा. जिथे उजेडाची तिरीप आत येते तिथे कौल सरकलंय किंवा फुटलंय. रीपांमधलं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साधारण ३२ सेमी असतं. नवीन रीप ठोकताना दोन कौलं प्रत्यक्ष ठेवूनच माप घ्या, कारण कारखान्यागणिक कौल थोडं वेगळं निघतं आणि जुन्या-नव्याची खाच जुळत नाही. चौमीला १५-१६ कौलं लागतात. फुटतूट धरून दहा टक्के जास्त आणा.

वाशाची टोकं भिंतीवर जिथे टेकतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर कुजलंय. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. आढं (माथ्याचं आडवं लाकूड) वाकलंय का हे समोरच्या रस्त्यावरून बघा, कौलांची वरची ओळ सरळ दिसली पाहिजे. मोभावरच्या (माथ्याच्या ओळीतल्या) कौलांचा चुना-सिमेंटचा सांधा आणि दोन उतारांच्या मधली पत्र्याची पन्हळ, गळती तिथेच. पन्हळीत साठलेला पाला काढताना पत्रा खिळ्याने खरवडू नका, झिंक गेलं की एका पावसाळ्यात चाळण होते.

कौलांवर पाय द्यायचा तर रीप-वासा जिथे मिळतो तिथेच, आणि फळी टाकून.

पश्चिमवारा

पत्र्यांचं माझ्याकडून. मुंबईसाठी रचनेत वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे ताशी जवळपास १६० किमी. जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, मे २०२१चं तौक्ते मुंबईच्या बाजूने गुजरातकडे गेलं. अशा वाऱ्यात पत्रा दाबला जात नाही, वर ओढला जातो, आणि ओढ कडा आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त. म्हणून कडेच्या पहिल्या दोन ओळींचा प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा, मधले एकाआड एक चालतील.

जे-हुक (पत्रा धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, खाचेत नाही. त्याखाली डांबरी वॉशर असतो, तो उन्हाने कडक होऊन तडकतो. नखाने दाबून बघा आणि सगळे एकदम बदला, स्वस्त वस्तू आहे. स्क्रूचे रबर वॉशर फार आवळले तर बाजूने फुगून फाटतात. वॉशर जेमतेम दबेल इतपतच आवळा. आडवा जोड किमान १५० मिमी, उतार कमी असेल तर २०० आणि मध्ये सीलिंग पट्टी. उभ्या जोडाची उघडी कड पूर्वेकडे असावी, कारण पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून मारतो. म्हणजे पत्रे टाकायला सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. घासू नका, सुके ड्रिल करू नका, तोडू नका. बदलायचे असतील तर ओले करून अख्खे उतरवा. आणि त्यांच्यावर चढायचंच असेल तर पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या तुळईवर) फळी टाकून आणि दोरी-हार्नेस लावून. हा पत्रा आधी करकरत नाही, एकदम तुटतो.

थेंबेथेंबे

गच्चीवर सरळ लोखंडी शेड टाकली की वॉटरप्रूफिंगची कटकट संपते असं म्हणतात.

ओळंबा

मैदान झाकलं जातं, पॅरापेट आणि वाटे उघडेच राहतात, म्हणजे मुख्य दुखणं तसंच. शेडचे खांब कोब्यात अँकर केले तर नवीन भोकं पडतात. ते खालच्या आरसीसी खांबांच्या डोक्यावरच उभे करायला हवेत. महापालिकेची परवानगी आणि इंजिनिअरचं वाऱ्याचं गणित दोन्ही लागतात. शेड टाकलीच तर तिचं पाणी सरळ पाइपमध्ये न्या, गच्चीवर सोडू नका.

इमारत तीस वर्षांची झाली असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. गच्चीची तपासणी त्यातच बसवून घ्या. चाचण्यांत रिबाउंड हॅमरबरोबर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) आणि हाफ-सेल (सळईच्या गंजाची विद्युत) चाचणी मागा. नुसता रिबाउंड हॅमर पृष्ठभाग सांगतो, आतलं नाही. हाफ-सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. अहवालात सी१ आलं तर घर रिकामं करून इमारत पाडणं, सी२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी२बी म्हणजे रिकामं न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी३ किरकोळ. सी१ हातात आल्यावर वॉटरप्रूफिंगची कोटेशनं मागवत बसू नये.

मुलुंडकर

खर्च कोणाचा? वरच्या मजल्यावरचे म्हणतात सोसायटीचा, खालचे म्हणतात ज्याच्या घरात गळतं त्याचा.

थेंबेथेंबे

याचं उत्तर माझ्याकडे आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि तिच्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचा-गिलाव्याचा बिघाड, दोन्ही सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती त्या सदस्याची. उपविधींची प्रत सभेत वाचून दाखवा, अर्धा तास वाचतो.

लेव्हलट्यूब

कोटेशनबद्दल, माझ्याच धंद्यातल्यांचा रोष पत्करून.

माप ब्रासमध्ये असतं, क्षेत्रफळाचा १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाट्यापासून भिंतीवर चढणारी पट्टी त्यात धरलीय का ते विचारा, नाहीतर शेवटच्या बिलात 'एक्स्ट्रा' म्हणून येते.

कोटिंग असेल तर बादल्या मोजा. १० ब्रास म्हणजे साधारण ९३ चौमी. माहितीपत्रकात दोन हात मिळून चौमीला १ किलो लिहिलं असेल तर ९३ किलो माल लागणार. २० किलोच्या दोनच बादल्या वर आल्या असतील तर उरलेलं पाणी आहे. सीलबंद बादल्या सोसायटीसमोर उघडाव्यात आणि रिकाम्या शेवटपर्यंत गच्चीवरच ठेवाव्यात. पहिला हात आणि दुसरा हात वेगळ्या रंगात मागा, मग एकच हात मारून दोन सांगता येत नाहीत.

ओल्या कोब्यावर कोटिंग किंवा मेंब्रेन (डांबरी चादर) दिलं तर उन्हात आतली वाफ फुगे आणते. चाचणी सोपी आहे. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि निदान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर अजून सुकू द्या. तीन-चार ठिकाणी करा, एक तोंडाजवळ हवंच.

मेंब्रेनचे जोड बाजूने १०० मिमी आणि टोकाला १५० मिमी. जोडाच्या कडेतून वितळलेलं डांबर बारीक ओळीत बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. ओळ नाही म्हणजे नीट चिकटलेलं नाही. वर संरक्षक थर न देता त्यावर खुर्च्या ओढल्या, वाळवणाच्या खाटा टाकल्या की फाटलंच समजा.

खालून सिरिंजने केमिकल भरून गळती बंद करतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: पाणी वर कुठून शिरतंय? इंजेक्शनने फक्त खालचं भोक बंद होतं, कोब्यातलं पाणी शेजारच्या खोलीचं छत शोधतं. वरचं काम झाल्यावर उरलेल्या एखाद्या जागेला ते ठीक. छताला आतून डॅम्पप्रूफ रंग देणं त्याहून वाईट, ओल सळईजवळ कोंडली जाते आणि डाग दिसेनासा झाल्यामुळे कोणी बघतही नाही.

दहा टक्के रक्कम ऑक्टोबरपर्यंत अडवून ठेवा. गॅरंटीच्या कागदात 'संपूर्ण गच्ची, वाटे, तोंडं आणि पॅरापेटच्या माथ्यासह' हे शब्द घाला. नुसतं 'वॉटरप्रूफिंग' लिहिलं तर गळती नेहमी न लिहिलेल्या जागेतूनच निघते.

मुलुंडकर

जूनमध्ये काम अर्धवट राहिलं आणि पाऊस लागला तर?

लेव्हलट्यूब

उघडा पडलेला कोबा झाकायचा. ताडपत्री वाऱ्याच्या दिशेने एकावर एक चढवून, दोरीने पॅरापेटच्या बाहेर बांधून. कडेला विटा ठेवू नका, वाऱ्यात त्या खाली रस्त्यावर जातात. पाण्याची तोंडं ताडपत्रीखाली दाबली जाणार नाहीत हे बघा. उघडीप मिळाली म्हणून ओल्यावर कोटिंग उरकायचं नाही. फार तर भेगेत ओलाव्यात चिकटणारं सीलंट भरा आणि बाकी ऑक्टोबरवर टाका.

ओळंबा

आणि खालच्या घरासाठी: फॅनच्या हुकातून किंवा लाइटच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर आधी त्या सर्किटचा एमसीबी बंद करा, बादली नंतर. फुगलेल्या गिलाव्याखालून पलंग सरकवा आणि तो गिलावा हेल्मेट घालून, बाजूला उभं राहून लांब काठीने पाडा. उरलेल्या भागाला कधी पडायचं हे ठरवू देऊ नका. सळई उघडी झाली असेल तर तिच्यावर सिमेंट थापू नका, फोटो काढून इंजिनिअरला दाखवेपर्यंत तशीच ठेवा.

थेंबेथेंबे

सर्वांचे आभार. पहिल्या पोस्टमधला नकाशा आणि लेव्हलट्यूब यांची यादी एका पानावर घेऊन रविवारी वर जातोय. तोंडांचा हिशेब लगेच केला: १८० चौमीला तीन पाइप.

पश्चिमवारा

संहितेच्या हिशेबाने चार ते पाच लागतील. आधी आहेत ते तीन पूर्ण मोकळे आहेत का ते होजपाइपने बघा, मग चौथ्याचं बोला.